तळ्याकाठचं रिकामं स्टेशन

माझा संशय आधी अण्णावरच गेला, म्हणजे माझ्या थोरल्या भावावर. शिवाजीनगरातून जुना कॉम्प्युटर त्यानंच आणला होता. त्यातल्या वाहतुकीच्या खेळात घोडागाड्या मोडीत काढून पहिली वाफेची रेल्वे मात्र मी टाकली होती. पंधरा दिवस डोळे फोडून! दोन गावं, मधे सरळ रूळ, गाडी कशी अगदी वेळेवर. आणि एके दिवशी कॉलेजातून येऊन बघते तर मधेच तळ्याकाठी एक स्टेशन. ना माणूस, ना माल, तरी गाडी तिथं थांबतेय.

मी ते पाडलं. दुसऱ्या दिवशी परत हजर, वर नदीपाशी आणखी एक.

"तुझेच धंदे हे!" मी अण्णाला म्हटलं. तो नुसता हसला, मग तर माझी खात्रीच पटली. आठवडाभर अबोला धरला. आईवरही थोडा संशय घेतला, खोटं कशाला बोलू? अप्पांवर, म्हणजे वडिलांवर, तेवढा नाही. त्यांनी जन्मभर वाफेचं इंजिन चालवलं होतं. ती इंजिनं बंद झाली तसे ते मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घरी बसले, आणि रेल्वेचं नावही काढेनासे झाले. माझा खेळ बघून "सगळं खोटं" एवढंच म्हणाले होते.

शेवटी चोर पकडायला मी कॉलेज बुडवून घरी आले. कॉम्प्युटरपुढे अप्पा! चष्मा नाकावर, माउस दोन्ही हातांनी धरलेला.

"अप्पा, तुम्ही?"

ते दचकले आणि उलट त्यांच्या कानडी वळणात माझ्यावरच डाफरले. "एवढ्या लांब पाणी न घेता इंजिन पळवतेस? बॉयलर फुटेल की! स्वल्प, थोडी तरी अक्कल?"

खेळातल्या इंजिनाला पाणी लागत नाही, हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. कित्येक महिन्यांनी अप्पांचा आवाज चढला होता, मला तर रडूच आलं.

मग रोज संध्याकाळी आम्ही दोघं मिळून गाडी चालवू लागलो. एक दिवस पडद्यावर इंग्रजी पाटी आली: नवं डिझेल इंजिन आलंय, जुनी इंजिनं काढून टाका. मी घाईनं ती बंद केली.

"काय म्हणत होतं?"

"पाणी घ्या म्हणत होतं, अप्पा."

त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. "इंजिनं बंद करायच्या नोटिसा शेडमध्ये इंग्रजीतच लागायच्या गं," ते म्हणाले. "सरी, असू दे." मग त्यांनी गाडी तळ्याकाठी थांबवली आणि पाणी भरेपर्यंत मांडीवर हात ठेवून बसले.