चेसी नंबराभोवतीचा जोड

नोकरीत माझ्या हातून बऱ्याच चुका झाल्या. काही वरिष्ठांनी पकडल्या, काही न्यायालयात उघड्या पडल्या. एक मात्र कुणीच पकडली नाही. ज्याचं नुकसान झालं त्यानंही कधी अर्ज केला नाही. एका निर्दोष मिस्त्रीला मी वाहनचोर म्हणून वर्तमानपत्रात छापून आणलं, आणि तो निर्दोष असल्याचं त्याच दिवशी कळूनही गप्प बसलो. मागच्या वर्षी निवृत्त झालो तरी तो प्रसंग मनातून जात नाही, म्हणून लिहितो आहे. नाव कुणाचंच देत नाही.

तेव्हा मी धाराशिव जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. वाशीकडच्या एका शेतकऱ्याची जुनी जीप शेडमधून चोरीला गेली होती. गुन्हा दाखल होऊन महिना होत आला तरी तपास पुढे सरकत नव्हता. गुन्हे बैठकीत त्यावरून मला उभं राहून ऐकून घ्यावं लागलं होतं. ते मनाला लागलं होतं.

अशात एका सकाळी आमचा खबऱ्या ठाण्यात आला. त्याचं स्वतःचं हायवेला वेल्डिंगचं दुकान होतं.

"सायब, येरमाळ्याच्या अलीकडं त्या मिस्त्रीच्या शेडात जीप उघडून ठिवलीय. चेसीचा नंबर कापून बसवलाय. म्या डोळ्यानं बघितलं."

खबर देणाऱ्याचा फायदा कशात आहे ते आधी पाहावं, असं मी नव्या पोलिसांना नेहमी सांगायचो. त्या दिवशी मी स्वतः ते पाहिलं नाही. दोन पंच आणि तीन कर्मचारी घेऊन निघालो.

शेडमध्ये जीपची बॉडी उचलून लोखंडी पिंपांवर ठेवलेली होती आणि नुसती चेसी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, होती. चेसी म्हणजे गाडीचा सांगाडा: दोन लांब पोकळ तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. उजव्या तुळईवर, पुढच्या बाजूला, नंबर ठोकलेला होता. त्या नंबराच्या चारी बाजूंनी ताजं वेल्डिंग होतं. वाहनचोरांची ही पद्धत मला चांगली ठाऊक होती. मोडीत निघालेल्या गाडीचा नंबराचा तुकडा कापतात आणि चोरीच्या गाडीवर बसवतात. कागद मोडक्या गाडीचे आणि गाडी चोरीची. मला वाटलं, मुद्देमाल सापडला.

मिस्त्री पन्नाशी ओलांडलेला, माझ्याहून मोठा. तरी मी त्याला अरेतुरेच केलं.

"ए, इकडं ये. हा नंबर कुठून आणलास?"

"कुठनं आणू, सायब? त्याच गाडीचा हाय. गंज लई हुता, भवतालचं सडकं काढलं."

"सगळीकडं गंज आणि नंबराला तेवढा नाही?"

"तेच सांगतो. ती गोणी उघडून बघा की..."

"गोणी राहू दे. चल ठाण्यात."

गाड्या घेऊन आलेली तीन-चार माणसं उभी होती. त्यांच्यादेखत मी त्याला दंडाला धरून पोलिसांच्या जीपमध्ये बसवलं. पंचनामा केला, शेडला सील लावलं. पंचनाम्यात चेसी आली, वेल्डिंगचं मशीन आलं. कोपऱ्यातल्या गोणीत काय आहे ते मी पाहिलंच नाही.

ठाण्यात संगणकावर नंबर टाकला. तो वाशीच्या एका खतविक्रेत्याच्या जुन्या जीपचा निघाला. त्याचा फोन बंद. बायकोच्या शस्त्रक्रियेसाठी तो सोलापूरला गेल्याचं नंतर कळलं. माझ्या डोक्यात गणित बसलं: नंबर खतवाल्याच्या गंजलेल्या गाडीचा, बाकी चेसी चोरीच्या जीपची. फिर्यादीला बोलावून शेडमध्ये काढलेले चेसीचे फोटो दाखवले. तो वाकून बघत म्हणाला, "रंग तसाच वाटतोय, सायब. पण म्या माझ्या गाडीची चेसी कधी खालनं बघितली न्हाय." त्याचं पहिलं वाक्य मी लिहून घेतलं. दुसरं घेतलं नाही.

त्या दिवशी एक वार्ताहर दुसऱ्या कामासाठी ठाण्यात आला होता. गुन्हा उघडकीस आला की आमच्याकडे फोटो काढायची रीत. पुढे आरोपी, मागे पथक, शेजारी मुद्देमाल. आरोपीच्या तोंडावर रुमाल बांधतात. हवालदार रुमाल घेऊन गेला, तर मिस्त्रीनं तो हातानं बाजूला केला.

"तोंड कशाला झाकू? म्या काय केलंय?"

"बांध रे, तुझ्याच भल्याचं आहे," मी म्हणालो.

"सायब, माणसं म्हैना म्हैना गाडी उघडी टाकून जात्यात माझ्याकडं. पाने, जॅक, कागद सगळं गाडीतच असतंय. कुलूप सुदिक लावत न्हाईत. हे पेपरात आलं तर उद्या कोण टाकील? माझा फोटू काढू नका."

मी फोटो काढू दिला. रुमालाविनाच.

रीतसर अटक दाखवली नव्हती. चौकशीसाठी म्हणून बाकावर बसवून ठेवलं होतं. हेही नियमात बसत नाही, ते मला तेव्हाही माहीत होतं. संध्याकाळपर्यंत त्याला उलटसुलट विचारलं. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कमी बोलू लागतो, ठरवलेल्या वाक्यांवर येतो. हा दर वेळी जास्त सांगत होता.

"नंबराजवळ गंज का नाही?" मी चौथ्यांदा विचारलं.

"त्या जागी स्टिअरिंगचा बॉक्स असतोय. त्याचं सील गेलं हुतं. पाच-सात वर्सं ऑइल गळून तेवढाच वीतभर तुकडा भिजला. बाकी समदी चेसी खतानं खाल्ली. युरियाच्या गोण्या वाहिल्यात त्या गाडीनं. खत सांडतंय, आत जातंय, दमट धरतंय. वरनं रंग ब्येस, आतनं पापड."

"मग पूर्ण चेसीच बदलायची."

"बदलली तर नंबर जातोय, सायब. नंबर गेला की गाडी बेवारस. मालक म्हणला, बापानं घेतलेली गाडी हाय, मरू दिऊ नका. म्हणून नंबराला हात न लावता भवतालनं नवं लोखंड भरलं."

आमचे हवालदार पंचवीस वर्षं नोकरी झालेले. ते चहा ठेवता ठेवता म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही वेल्डिंग करता का सोनारकाम?" आणि बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "साहेब, गोणी बघायला काय जातं आपलं?"

मी म्हणालो, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात फोटो आला. वरून फोन आला, शाबासकी मिळाली. दुपारी तपासणीसाठी धाराशिवहून मोटार वाहन निरीक्षक आले. त्यांच्यासमोर सील उघडलं, मिस्त्रीला सोबत घेतलं आणि ती गोणी जमिनीवर ओतली.

गोणीत गंजके तुकडे होते. काही तळहाताएवढे, काही हातभर. प्रत्येकावर ऑइलपेंटनं आकडा घातलेला, आणि चेसीवर खडूनं तेच आकडे. मिस्त्रीची कामाची रीतच तशी होती. गाडीतून कापलेलं काहीही तो भंगारात देत नसे. काम झालं की गोणी मालकाच्या हवाली करायची, म्हणजे काय काढलं आणि का काढलं ते मालकानं स्वतः बघावं.

निरीक्षकांनी तीन नंबरचा तुकडा उचलला आणि नंबराच्या तुकड्यालगत धरला. कडेची रेघ, जुन्या बोल्टचं अर्धं भोक, ऑइलचा काळा डाग, सगळं तंतोतंत पुढे चालू राहिलं. मग चार, मग पाच. मागची जुनी तुळई तशीच ठेवलेली होती. तिच्यात सळई घालून खरवडलं तर खताचे पांढरे खडे पडले. ही चेसी खतवाल्याच्याच गाडीची होती, यात शंका उरली नाही.

निरीक्षक जुने जाणते होते. ते चेसीखाली उताणे झोपले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आतून त्यांचा आवाज येत होता. "काप तिरका का घेतलाय?"

"सरळ घेतला तर वझ्याखाली जोड तिथंच तुटतोय."

"आणि चेसी पिरगळली कशी नाही?"

"एका दमात वेल्डिंग करत न्हाय. इकडं चार बोटं, मग तिकडं चार बोटं. मधी गार हुऊ द्यायचं. रोज सकाळी कोपऱ्यापासनं कोपऱ्यापर्यंत सुतळीनं माप घेतो. दोन सुतभर फरक आला तर परत कापतो."

मिस्त्रीनं छोटी हातोडी घेतली आणि तुळईवर ठोकत गेला. चांगलं लोखंड खणखणत होतं. कुजलेल्या जागी फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज यायचा, तिथं त्यानं खडूची फुली मारून ठेवली होती. त्या कापायच्या राहिल्या होत्या. एक दिवस बाकावर बसवलेला माणूस आम्हाला कामाची माहिती देताना सगळं विसरून गेला होता. आवाजात राग नव्हता. निरीक्षक अंग झाडत उठले आणि मला म्हणाले, "चोर जोड घासून, रंग मारून लपवतो. यानं एकही जोड लपवलेला नाही. एवढं प्रामाणिक काम मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही."

मिस्त्रीला सोडलं. खतवाल्यानं सोलापूरहून फोन करून सगळ्याला दुजोरा दिला. चोरीची खरी जीप पुढे दुसऱ्या जिल्ह्यात मिळाली. जाताना मिस्त्री दारात थांबला.

"पेपरात चुकून आलं म्हणून छापा की, सायब."

"बघू," मी म्हणालो.

मी काही केलं नाही. शाबासकी घेऊन झाली होती. चूक झाली असं वर कळवायची माझी छाती झाली नाही. पुढच्या काही दिवसांत त्याच्या शेडसमोरून गेलो तर उभ्या गाड्या कमी झालेल्या दिसल्या. एक पिकअपवाला अर्धं काम सोडून गाडी ओढून नेत होता. मिस्त्री त्याच्या गाडीचे नटबोल्ट मोजून पिशवीत भरून देत होता. मी जीप थांबवली नाही. खतवाल्याची जीप तेवढी त्यानं पूर्ण केली. ती वर्षभर बिनतक्रार चालली आणि तिच्या भरवशावरच लोक पुन्हा त्याच्याकडे यायला लागले, असं हवालदारांकडून कळलं. तोवर माझी बदली झाली होती.

या गुन्ह्यानं मला शिकवलं की संशयिताच्या पहिल्या वाक्यात तो जी वस्तू बघा म्हणतो, ती आधी बघावी. पुढच्या नोकरीत मी ते पाळलं. माझ्या ठाण्यात तपास पूर्ण झाल्याशिवाय कुणाचा फोटो काढू दिला नाही. पण त्याचा उपयोग पुढच्या माणसांना झाला. ज्याच्यामुळे शिकलो त्याला काही मिळालं नाही.

निवृत्तीनंतर मी येरमाळ्याच्या बाजारच्या दिवशी त्याच्या शेडवर गेलो. त्याला माणसांसमोर धरून नेलं होतं, म्हणून माणसं असतील तेव्हाच जायचं ठरवलं होतं. सात-आठ जण होते. तो एका ट्रॉलीखाली होता. मला ओळखून बाहेर आला, हात पुसले, खुर्ची पुढे केली.

"या सायब. गाडी कुठंय?"

"गाडी नाही आणली. तुमच्याशी बोलायचंय."

त्याला अंदाज आला असावा. "जुनं झालं ते. चहा घ्या."

"जुनं झालं नाही, मिस्त्री. बोलू द्या मला." मी उभाच राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "मी तुम्हाला इथून चोर म्हणून नेलं. पेपरात फोटो दिला. दुसऱ्या दिवशी कळलं की तुमचं काम सचोटीचं आहे, तरी मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला माझी शाबासकी जपायची होती. त्यानं तुमची गिऱ्हाइकं गेली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि गाडी पुढे नेली. चूक तुमची नव्हती, पूर्ण माझी होती. मला माफ करा."