वीतभर जास्तीचं कापड

नळदुर्गात समुद्राचा रोज विचार करणारा माणूस एकच होता, आणि त्यानं ना कधी समुद्र पाहिला होता, ना मासा चाखला होता. माझ्या वडिलांचे हे कापडवाले स्नेही. सारं गाव त्यांना अप्पा म्हणे. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर भस्म आणि जिभेवर एकच प्रश्न: "काल कालवण कशाचं हुतं?" उत्तर येईपर्यंत कापड मोजणारा गज हवेत थांबे. भाकरी आणि तुरीचं वरण घरोघरचंच. मटण जत्रेला नि पाहुण्याला. बोरी नदीचा मासा भोयांच्या आळीत. हे सारं त्यांना पाठ. कोडं होतं ते बाजारातल्या सुक्या बोंबलांचं. समुद्र इतका लांब, तरी महायुद्धात डाळ महागल्यापासून बोंबलांची पाटी दुपारच्या आत रिकामी होई. "मटणाला जत्रा लागती, बोंबलाला नुसती भूक पुरती," असा त्यांचा निष्कर्ष.

बोंबील खाल्ला म्हणणाऱ्याला अप्पा खुशीनं वीतभर कापड जास्त देत. मग काय, गावात मासे खाणारे एकाएकी वाढले. शेवटी त्यांची सख्खी थोरली बहीणही खण घेताना म्हणाली, "आमच्यात बी काल बोंबीलच."

"व्हय? कसा केलास, अक्का?"

"कसा म्हंजे? किसून!"

अप्पा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, पण वीत दिलीच.

मी शिकायला मुंबईला निघालो तेव्हा ते सोलापूरच्या मोटारीपर्यंत आले. "पोरा, म्या काय खाणार न्हाय. पण मरायच्या आधी एवढं कळू दे. ताजा मासा खा, आन् चव कशी ते खरं सांग."

आमच्या घरी मटण चाले, मासा मात्र कधीच नाही. खानावळीत तळलेला पापलेट समोर आला, त्याचा डोळा दिसला आणि मी ताट शेजाऱ्याकडे सरकवलं. सुट्टीत दुकानात गेलो तेव्हा सांगून टाकलं, "गोडसर लागतो, अप्पा."

गज थांबला. "गोड? खाऱ्या पाण्यातला?" त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिलं. मग सदऱ्याचं कापड फाडलं, वीतभर जास्त. "कसा केला हुता, त्ये मात्र इचारत न्हाय," म्हणाले, आणि घडी माझ्या हातात दिली.

अप्पा गेल्याचं वडिलांचं पत्र मला मुंबईत मिळालं. त्या दिवशी खानावळीत पापलेट मागवला आणि काट्यापर्यंत खाल्ला. खरंच गोडसर होता. अंगात तोच सदरा होता, बाह्या जरा लांबच शिवलेल्या. पण हे ऐकायला गज हवेत धरून थांबलेलं आता कुणी नव्हतं.