रक्त दिलं आणि रिपोर्टची वाट बघत बसलो

"उजव्या फुफ्फुसात गाठ आहे. कॅन्सर असू शकतो, नसूही शकतो. बायोप्सी केल्यावर कळेल," परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर मॅडम म्हणाल्या. माझी बायको सुनंदा माझा हात घट्ट धरून बसली.

असू शकतो, नसूही शकतो! हिंदमाताच्या कापडबाजारात तीस वर्षं साड्या विकल्या मी. गिऱ्हाइकाला असं उत्तर दिलं असतं तर मालकाने हाकलला असता. दोन महिने खोकला होता, तो दुकानातल्या धुळीचा म्हणून सोडून दिला, आणि सीटी स्कॅनमध्ये हे निघालं.

बायोप्सी म्हणजे सुईने गाठीचा कण काढून तपासायचा. बुधवारची तारीख मिळाली. आमच्या लालबागच्या चाळीत सगळ्यांचं एकच मत, सुई लावली की गाठ चवताळते. तसं काही नसतं म्हणून मॅडमनी सांगितलं होतं, पण चाळीपुढे मॅडमचं काय चालतंय!

तारीख मिळाली त्याच दिवशी हॉस्पिटलातून बाहेर पडताना संशोधन करणाऱ्या एका मुलीने थोडं रक्त मागितलं. म्हणे, एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्ससाठी. म्हटलं, ते काय असतं गो बाय?

"काका, शरीरातली पेशी, निरोगी असो की आजारी, अगदी बारीक पिशव्या बाहेर सोडते. त्यांत त्या पेशीची खबर असते. उद्या कदाचित या पिशव्यांवरून रक्तातूनच कॅन्सर लवकर ओळखता येईल. त्याचा अभ्यास चाललाय."

मी 'रक्तातूनच ओळखता येईल' एवढंच ऐकलं आणि फॉर्मवर सही ठोकली.

घरी जाहीर केलं, रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत सुई नाही. गावी मोठ्या भावाला फोन केला. त्याने देवळात कौल लावला. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात, उजवी पडली तर होकार. दादाने विचारलं, रक्ताच्या रिपोर्टाची वाट बघायची का? उजवी पडली.

"देवान सांगल्यान, थांब," दादा म्हणाला. झालं! बुधवारी मी गेलोच नाही. हॉस्पिटलचा फोन आला, तोही उचलला नाही.

मग डोक्यात भलतंच सुरू झालं. गाठीच्या पिशव्या रक्तात फिरतायत, म्हणजे कॅन्सर अंगभर पसरला की काय? पण निरोगी पेशीही सोडतात म्हणाली ना ती? मग माझ्यातल्या कुठल्या? सुनंदाला विचारलं तर म्हणे, "मला काय विचारता, सही तुम्ही केलीत."

तीन आठवडे झाले, रिपोर्टाचा पत्ता नाही. शेवटी तणतणत गेलो. त्या मुलीचा चेहराच उतरला.

"काका, याचा रिपोर्ट मिळत नाही. मी सांगितलं होतं, फॉर्मवरही आहे. हे तुमच्या उपचारासाठी नाहीच. तुम्ही बायोप्सी नाही केलीत?"

मी ओरडायला तोंड उघडलं, पण "नाही केली" एवढंच बाहेर पडलं. आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. तीच मला मॅडमकडे घेऊन गेली.

बायोप्सी झाली. वाटलं होतं त्याच्या निम्मंही दुखलं नाही. कॅन्सरच होता. गाठ थोडी वाढली होती, पण बाहेर पसरली नव्हती. ऑपरेशन करून फुफ्फुसाचा एक भाग काढला. गेलेल्या तीन आठवड्यांनी काय बिघडलं, असं मॅडमना विचारलं. "ते नक्की सांगता येणार नाही," म्हणाल्या. हे उत्तर मला अजून पचलेलं नाही.

तुमच्यावर ही पाळी आली तर आधी विचारा, ही तपासणी माझ्यासाठी की अभ्यासासाठी? अभ्यासाला रक्त जरूर द्या, मीही पुन्हा देईन. पण त्यासाठी उपचार थांबवू नका. आणि कौल लावायचा तर प्रश्न तरी धड विचारा. देवाने विचारलं तेवढंच सांगितलं, त्याचा काय दोष?

राग मात्र माझा सुनंदावर होता. परवा ती मेथी निवडत होती, तेव्हा बोललोच. मी येडा, पण तू मला ओढत का नाही नेलंस?

तिने मान वर केली नाही. "मला वाटायचं, तो कागद कधी येऊच नये. येईपर्यंत तुम्ही धडधाकट होतात."

मी तिच्यासमोर बसलो आणि अर्धी जुडी माझ्याकडे ओढली.