खडकावरची लाट

वाळूवरची लाट रोज वेगळी फुटते, कारण खालची वाळू सरकत असते. खडक हलत नाही, म्हणून त्याच्यावरची लाट रोज त्याच जागी उठते आणि काचेसारखी वळते. त्या सकाळी ती पाहून मी आणि माझी मैत्रीण मेघना किनाऱ्यावर उभ्याच राहिलो. वाळूवरच्या लाटांवर सर्फिंग शिकून झालं होतं. आता आम्हाला या लाटेची ओढ लागली होती.

पण ओहोटी सुरू झाली होती. पाणी ओसरलं की मधूनच काळा खडक दिसायचा.

"पाणी उतरलंय गं. भरतीला येऊ," मी म्हणाले.

"एकच घेते. मग चहा."

तिने ती लाट सुरेख घेतली. गुडघे वाकवून, हात पसरून ती उतरत आली, तेव्हा मी आनंदाने ओरडले. मग फळीचं टोक पाण्यात घुसलं आणि मेघना डोक्यावर पडली. तिथे कमरेइतकंही पाणी नव्हतं. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी आणि मी तिला उचलून आणलं.

"माझे पाय कुठायत?" तिने विचारलं.

मेघना आता व्हीलचेअरवर असते. खडकाचा राग करावा, तर ती लाट देखणी होती तीही त्याच्यामुळेच.

काल तिने विचारलं, "तू पाहिलंस ना? कशी उतरले होते मी?"

मी सगळं सांगितलं, पडायच्या आधीपर्यंतचं. ती डोळे मिटून ऐकत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, "पुन्हा सांग."