पाराखालचं झाड

मणियार साहेब झाड मोजायचे ते त्याला छाती भिडवून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस झाडाला मिठी मारतोय आणि आता आपल्याला पर्यावरणावर भाषण ऐकावं लागणार. तसं काही नव्हतं. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा असा नियम आहे आणि साहेबांच्या शर्टाच्या खिशाची कड बरोबर त्या उंचीवर यायची. एकदा त्यांनी पट्टी लावून खात्री करून घेतली होती. तेव्हापासून सगळे शर्ट एकाच टेलरकडून, खिसा त्याच जागी ठेवून शिवून घेत. बुंध्याला टेकायचं, खिशाच्या कडेला टेप धरायचा, गोल फिरवायचा, झालं. "सरकारनं नियम करताना माझंच माप घेतलं असंल," असं ते म्हणायचे आणि हे चेष्टेत म्हणत नसत.

आमचं गाव लातूर-नांदेड रस्त्यावरचं. नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतली काही माणसं अजून नोकरीत आहेत आणि मीही त्यांच्यातलीच. नगरपरिषदेनं गावातल्या सार्वजनिक झाडांची गणना काढली, तेव्हा मी नांदेडला नकाशाचं काम शिकून नुकतीच आले होते. टॅब सांभाळायला म्हणून मला आणि आणखी काही पोरापोरींना कंत्राटावर घेतलं. मणियार साहेब उद्यान विभागाचे प्रमुख. उद्यान म्हणजे एक बाग, तीत बंद पडलेलं कारंजं आणि एक घसरगुंडी, पण साहेबांचा रुबाब असा की जणू चार जिल्ह्यांचं जंगल यांच्याच ताब्यात आहे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, झाडं ओळखता येतात का. मी म्हटलं, बाभूळ आणि कडुनिंब येतात, बाकीचं ॲपला विचारेन.

"लई चांगलं," ते म्हणाले. "ज्याला येतंय ते ऐकत न्हाई. तुमी ऐकाल."

त्यांचं घराणं बांगड्यांचं. आजोबा माहूरला देवीच्या जत्रेत दुकान मांडायचे. साहेब परभणीला शेतीचं शिक्षण घेऊन नोकरीत आले, तरी घरचा धंदा अंगातून गेला नव्हता. लांबून झाड पाहून घेर सांगायचे आणि मग टेप लावून मला आकडा वाचायला लावायचे. जवळपास आला की खूश. "आमच्यात मनगट बघून माप सांगतेत, बेटा. बुंधा म्हंजे मोठं मनगट." फार चुकला तर मात्र टेप जुना झालाय म्हणायचे. खुशीत असले की मी 'बेटा' आणि रागात असले की 'मॅडम'. सकाळी पहिली हाक कानावर आली की दिवस कसा जाणार ते मला कळायचं.

काम सोपं होतं, पण किचकट. एकेका झाडाजवळ उभं राहायचं, जात लिहायची, घेर लिहायचा, तब्येत लिहायची, फोटो काढायचा. ॲप त्यावरून वयाचा अंदाज काढायचं आणि नकाशावर एक हिरवा ठिपका पडायचा. "ठिपका पडला म्हंजे झाडाचं रेशनकार्ड निगालं," साहेब म्हणायचे. "नकाशात न्हाई ते झाड कुनाचंच न्हाई, म्हून ते कोन बी तोडतंय."

बाजारपेठेत एका कापडवाल्यानं आम्हाला चहा पाजून सुचवलं, की दुकानासमोरचा करंज तेवढा धरू नका. पाटी झाकली जाते, गिऱ्हाईक चुकतं. साहेबांनी बशीतला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग ते मला म्हणाले, मॅडम, इथं झाड न्हाई असं लिवा, आणि जागेच्या खुणेत करंजाच्या मागं दुकान आहे असंही लिवू नका, म्हणजे दुकान पण न्हाई. उद्या रस्त्याची मोजणी आली की शेठना सांगा, तुमी नकाशात कुठंच न्हाई. कापडवाला हसला, पण ओशाळून. करंजाचा ठिपका त्याच चहावर पडला.

आता पारांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे वड, पिंपळ, निंब म्हटलं की बुंध्याभोवती दगडी ओटा आलाच. तोच पार. एखाद्या कोनाड्यात शेंदूर लावलेला दगड असतो, त्यामुळे पारावर चढताना लोक चपला खाली काढतात. साहेबही काढायचे. एकानं खोचकपणे विचारलं, तुम्हाला कशाला लागतं हे. ते म्हणाले, पायतान घालून कुनाच्या बी घरात जाऊ नये. मग अनवाणी वर चढून, छाती भिडवून, खिशाच्या कडेला टेप फिरवायचे. त्यांचं पाहून आम्ही सगळेच तसंच मोजू लागलो. गावातलं पाराचं प्रत्येक झाड आम्ही पारावर उभं राहून मोजलं. ॲप कुठल्या तरी मोठ्या शहरात बनलं होतं. तिथल्या झाडांना पार नसावेत, कारण पाराविषयी त्यात एकही रकाना नव्हता.

गणना पुरी झाली आणि लातूरला सत्कार झाला. मोठ्या पडद्यावर आमचं गाव हिरव्या ठिपक्यांनी भरलेलं दिसलं, साहेबांना शाल मिळाली. परतीच्या बसमध्ये त्यांनी ती शाल घडी न मोडता मांडीवर ठेवली होती आणि शेजारच्या अनोळखी प्रवाशाला, त्यानं विचारलं नसतानाही, ती कशाची ते सांगून टाकलं. मला हसू आलं. पण खरं सांगते, इतका आनंदलेला म्हातारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

पुढं नांदेड रस्त्याचं रुंदीकरण निघालं. आठवडी बाजाराजवळ पारावर दोन पिंपळ होते. पन्नाशी ओलांडलेलं झाड वारसा वृक्ष ठरतं, ते सहजासहजी तोडता येत नाही, प्रसंगी रस्त्यालाच वळण द्यावं लागतं. आमच्या नकाशात हे दोन्ही पिंपळ पन्नाशीच्या आतले होते. परवानगी निघाली, साहेबांनी सही केली. सही केली ते बघायला जायचंच, हा त्यांचा नेम होता, म्हणून आम्ही दोघं गेलो.

आधी फांद्या उतरवल्या, मग दोन्ही खोडं, आणि शेवटी जेसीबीनं पार फोडला. पाराच्या आत माती आणि त्या मातीत एक जुना पार निघाला. त्याच्याही आत आणखी एक. रस्ता जसजसा वर येत गेला, तसतसा गावानं पारही वर उचलला होता. आणि सगळ्याच्या तळाशी एकच बुंधा होता, तीन-चार माणसांनी हाताला हात लावून कडं केलं तरी कवेत येऊ नये असा. ज्यांना आम्ही दोन तरुण पिंपळ म्हणून नोंदवलं होतं, त्या एकाच म्हाताऱ्या पिंपळाच्या दोन फांद्या होत्या.

साहेब खड्ड्यात उतरले. बुंध्याला छाती भिडवली. टेप फिरवायला त्यांना माझी मदत लागली. कंत्राटदाराच्या माणसानं वरून विचारलं, पडलेलं झाड काय मोजताय. साहेबांनी मला आकडा वाचायला लावला.

ही चूक आम्हा दोघांखेरीज कुणाच्या लक्षात आली नव्हती. पण त्याच रस्त्यावर, पुढच्या टप्प्यात, पाराची आणखी झाडं होती. एसटी स्टँडसमोरचा वड त्यांतलाच. मी फोटो चाळून पाराची सगळी झाडं बाजूला काढली आणि साहेबांना सुचवलं की गुपचूप दुरुस्ती करू. लॉगिन माझ्याकडे आहे, आकडे बदलते, झाडं वाचतील आणि कुणाला काही कळणार नाही. साहेबांची निवृत्ती अगदी तोंडावर होती. नगरपरिषदेच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम ठरला होता, पत्रिकेवर 'हरितदूत' असं काहीतरी छापायचं घाटत होतं. हे सगळं जाईल, वर चौकशी लागेल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"चोरून वाढवलेलं माप कोन मानंल, बेटा?" ते म्हणाले. "उद्या कंत्राटदार म्हनंल, रस्ता अडवायला आकडा फुगवला. ते खोटं बी न्हाई म्हनता येनार. चूक चारचौघांत सांगितली तरच दुरुस्ती खरी."

त्यांनी लेखी दिलं. बैठकीला मी टॅब घेऊन मागं बसले होते. एका नगरसेवकानं विचारलं, साहेब, ॲप बिघडलं होतं का, की पोरापोरींनी घोळ घातला. बोट माझ्याकडे होतं. त्यांनी नुसती मान हलवली असती, तरी सुटले असते.

"मी पारावर हुबं राहून मोजलं," ते म्हणाले. "झाड पाराच्या खाली हुबं होतं. ॲपची चूक न्हाई, लेकरांची न्हाई. माझी हाय."

नोटीस निघाली, चौकशी लागली. निरोपाच्या कार्यक्रमाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. गावात मेसेज फिरले, की पिंपळ कुणाच्या सहीनं तुटला ते बघा, आणि आडनावाखाली रेघ मारलेली. ज्यांनी ते पाठवले ते साहेबांच्या हातची रोपं घरी नेऊन लावलेले लोक होते. मला त्यांचा अजून राग आहे. साहेबांना होता की नाही, मला सांगता येत नाही. त्यांनी तो विषय माझ्याशी कधी काढला नाही.

आणि अशा दिवसांत त्यांना पारांचे दगड काढायचे होते. बुंधा जमिनीपासून मोजायचा तर पार उघडावा लागणार होता. पारावर देव, आणि दगड काढायला मणियार साहेब. मुख्याधिकाऱ्यांनी पोलीस बंदोबस्त देऊ केला. साहेबांनी नको म्हटलं.

स्टँडसमोरच्या वडाचा पार शेवंताबाईंच्या सासऱ्यांनी बांधलेला. घरची शेती, गावात मान, बाई तोंडाच्या तिखट. आम्ही त्यांना पारापाशी बोलावलं तेव्हा माणसं आधीच जमली होती. साहेब पारावर चढले नाहीत, खाली जमिनीवर बसले आणि सगळी चूक त्यांनी पहिल्यापासून सांगितली. हा वडही तसाच कमी मोजला गेलाय, असाच राहिला तर जाईल, हेही सांगितलं.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चूक तुमची म्हनता, मग दगड तुमीच का न्हाई काढत?"

"माझ्या हातानं काढला तर लोक दगड बघतील," साहेब म्हणाले. "झाड कोनी बघनार न्हाई. तुमच्या हातानं काढा, काकू."

बाईंनी पदर खोचला आणि पहार मागवली. पहिला दगड त्यांनी हलवला, मग त्यांच्या मुलानं, मग जमलेल्यांतल्या दोघातिघांनी. वडाचा बुंधा उघडा पडला तेव्हा मागची माणसं वाकून बघायला पुढं आली. माप घेतलं, पंचनाम्यावर बाईंची सही पहिली. दगड पुन्हा जागेवर बसवले. त्यानंतर बाकीच्या पारांना कुणी आडवं आलं नाही. सगळी झाडं म्हातारी निघाली असं नाही. काही खरंच पन्नाशीच्या आतली होती, आणि साहेबांनी ती तशीच लिहायला लावली. पण वड वाचला. रस्त्याच्या आराखड्यात तिथं वळण आलं.

शेवटच्या दिवशी कार्यालयात चहा झाला, बाहेरून कुणी आलं नाही. साहेबांनी मला तुटलेल्या पिंपळाची नोंद उघडायला सांगितली. पुसायची असेल असं मला वाटलं. त्यांनी दोनांचा एक ठिपका करायला लावला. तोडलेल्या झाडाचा ठिपका तपकिरी होतो आणि खाली कारण निवडायचं असतं: रस्ता, वादळ, वाळलेलं, इतर. त्यांनी 'इतर' निवडलं. मग टॅब स्वतःकडे घेऊन एका बोटानं, अक्षरं शोधत, लिहिलं: पारावरून मोजलं. माप चुकलं. मोजणार मणियार.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. छातीत दुखतं म्हणून बसले ते उठले नाहीत. मातीला गाव लोटलं होतं, मेसेज पाठवणारेही होते. शेवंताबाई घरी जाऊन त्यांच्या बायकोजवळ दिवसभर बसल्या.

काही दिवसांनी त्यांचा मुलगा कार्यालयात आला. धर्माबादला मिरचीच्या व्यापारात असतो, बापासारखाच उंच. खुर्चीच्या कडेवर बसून तो म्हणाला, "ताई, एक विनंती होती. नकाशात अब्बांच्या नावानं चूक लिवलेली हाय म्हने. लोक मोबाइलवर दाखवून राहिलेत. तेवढं वाक्य काढता येईल का?"

काढता येत होतं, एका बटणाचं काम होतं. माणूस गेल्यावर त्याची चूक झाकावी ही आपल्याकडची रीत, आणि मलाही मोह झाला. पण मी पडदा त्याच्याकडे वळवला आणि हे कुणी लिहिलंय ते सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. घरी साहेबांनी यातलं काही सांगितलं नव्हतं, चौकशी कुणाच्या तरी खोडसाळपणानं लागली अशीच घरच्यांची समजूत होती. मग मी त्याला स्टँडसमोरचा वड उघडून दाखवला. नंतर बाकीची पाराची झाडं, एकेक करून. प्रत्येकाखाली लिहिलेलं होतं, पार उघडून मोजलं. तो वाचत गेला.

"हे वाक्य नसतं तर?" त्यानं वडावर बोट ठेवून विचारलं.

मी म्हटलं, तर तिथून आता सरळ रस्ता गेला असता.

तो पुन्हा तपकिरी ठिपक्यापाशी आला. त्याचे डोळे भरून आले होते, माझेही.

"चूक राहू द्या," तो म्हणाला. "पन नुसतं मणियार लिवलंय. गावात लई मणियार हायेत, ताई. पूर्ण नाव लिवा."

मी बाकीचं वाक्य होतं तसं ठेवलं आणि त्यानं सांगितलं तसं लिहिलं: मोजणार युसूफ खाजामियाँ मणियार.