चालू मिलपेक्षा बंद मिल महाग

प्रकाशचंदांची जळगावला डाळमिल होती. तिशीत उभी केलेली, पोटच्या पोरासारखी जपलेली. हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता दगदग नको. मिल विकायची ठरली.

एकुलती एक चेलना पुण्यात कंपन्यांची किंमत ठरवण्याचंच काम करायची. प्रकाशचंद तिला म्हणाले, "परक्याला कशाला विचारू? तूच सांग, आपल्या मिलचं मोल काय."

चेलनाने आठवडाभर सगळं तपासलं. मग जेवणं आटोपल्यावर हळूच म्हणाली, "पप्पा, तीन तऱ्हांनी बघतात. अशाच दुसऱ्या मिल कितीला गेल्या, ते एक. पुढे मिल जे कमावेल त्याची आजची किंमत, ते दुसरं. आणि धंदा बंद करून नुसती जागा-यंत्रं विकली तर काय येईल, ते तिसरं."

"मग?"

"तिसरं सगळ्यांत जास्त येतं."

"जास्त येतं तर चांगलंच की!"

चेलनाने हिशोबाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. चालू मिलपेक्षा बंद मिल महाग होती.

"दुष्काळात सगळ्यांनी मिल बंद ठेवल्या," ते म्हणाले. "माणसं कुठे जातील म्हणून मी चालू ठेवली. ते वर्ष कशात धरलंस?"

"तोट्यात, पप्पा."

तरी त्यांनी मिल चालवणारं गिऱ्हाईक शोधलं. जामनेरचे प्रेमराज येऊन सगळं बघून गेले. जाताना हात जोडून म्हणाले, "भाऊ, या जागेच्या किमतीवरच्या व्याजाइतकंही डाळीत सुटत नाही हो."

शेवटी जागा गोदामवाल्यांना गेली. कामगारांचं देणं चुकतं करताना पारोळ्याचा सुकदेव पुढे आला. सुरुवातीपासून डाळ चाळायच्या मोठ्या यंत्रावर, चाळणीवर, तोच असायचा.

"शेठ, मिल खरंच इकी टाकी?"

"हो रे."

"बरं. तब्येत संभाळा तुमनी."

तो भांडला असता तर बरं झालं असतं, असं प्रकाशचंदांना वाटलं.

यंत्रं भंगारात गेली. गॅस कटरने चाळणी कापायला घेतली तशी चेलनाने त्यांना दंडाला धरून गाडीत आणून बसवलं. बराच वेळ तिने गाडी सुरूच केली नाही.

"पप्पा, माझं काही चुकलं का?"

"नाही गं. तुझं गणित बरोबरच आहे," ते म्हणाले. पण तिच्याकडे बघणं काही त्यांना जमलं नाही.