थंड बॉनेट

गाडी घ्यायची ती मिरवायला नव्हे. आमच्या लेकीला दमा होता. हिवाळा लागला की पहाटे तिची छाती भरून यायची आणि ओठ काळेनिळे पडायचे. पोलादाच्या प्लांटचं इस्पितळ आमच्या कॅम्प-एक या कामगार वस्तीतल्या घरापासून लांब. मागच्या थंडीत आमचे हे तिला सायकलच्या दांड्यावर बसवून निघाले, मी मागून धावत. वाटेत मुरूम वाहणारा एक ट्रक थांबला म्हणून पोर वाचली. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, पुढच्या थंडीआधी दारात गाडी हवी, आणि ती पहाटेच्या गारठ्यात सुरू व्हायला हवी. रंग कसाही असो.

हे भट्टीवर फोरमन होते. रशियात ट्रेनिंगला गेले तेव्हाचे थोडे पैसे शिल्लक होते. त्यात नवी गाडी येणं शक्यच नव्हतं, जुनीच शोधायची होती. त्यातही यांची एक अट, गाडी चालवायला मजा आली पाहिजे. माझं डोकंच फिरलं.

"पोरगी धापा टाकून राहिली, अन् तुमाले मजा सुचते?"

"अवो, ज्या गाडीत मजा येते ना, तिचीच माणूस निगा राखते," हे म्हणाले. मला ते मुळीच पटलं नाही.

पहिली गाडी एका ठेकेदाराची. त्याचं मातीकाम संपलं होतं, बिऱ्हाड हलवायचं होतं. आम्ही संध्याकाळी पोचलो तर गाडी आधीच सुरू. काळीभोर, चकाचक पुसलेली, इंजिनाचा आवाज एकसारखा. यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि चेहरा खुलला. भट्टीवरच्या माणसाचं असंच असतं. तिथं एकदा पेटवलेली भट्टी वर्षानुवर्षं थंड होऊ द्यायची नाही, ड्युटी बदलताना आधी विचारायचं ते भट्टीच्या गरमीचं. गरम म्हणजे सगळं ठीक, हे यांच्या हाडीमासी भिनलेलं.

"पाह्य, कशी गरम ठेवली हाये," हे माझ्या कानाशी म्हणाले. "मशीन अशीच ठेवा लागते. हा माणूस जाणकार दिसते."

मीही बॉनेटला हात लावला. चांगलंच चटकलं. मला आठवली आमची चूल. पाहुणे यायच्या आधी ओली लाकडं मी अशीच फुंकून फुंकून पेटवून ठेवते, म्हणजे धूर कोणाला दिसत नाही.

"आपन यायच्या आधीच कावून चालू केली यानं?" मी विचारलं. "गाडी थंड असताना पाहू. उद्या पहाटे येऊ, न सांगता."

हे कुरकुरले, पण आले. पहाटे अंगणाबाहेरूनच दिसलं, ठेकेदाराची माणसं गाडीला धक्का मारून राहिली होती आणि गाडी नुसती खोकत होती. आम्ही आत न जाताच परतलो. वाटेत हे स्वतःशीच म्हणाले, "भट्टीचा हिशोब गाडीले नाय लागत बा." मला हसू आवरेना. पुढं कित्येक वर्षं मी त्यांना त्यावरून चिडवत आले.

दुसरी गाडी सेक्टरमधल्या, म्हणजे प्लांटच्या नव्या वसाहतीतल्या, एका साहेबांची, त्यांची बदली झाली होती. हिरवा रंग विटलेला, मागचं एक दार सुतळीनं बांधलेलं. या वेळी पहाटेच गेलो. नमस्कार करायच्या आधी मी बॉनेटवर हात ठेवला. थंडगार, वर दव. साहेबांची बायको माझ्याकडे बघतच राहिली. साहेबांनी चोक ओढला, सेल्फ मारला, गाडी जराशी कुरकुरली आणि लागली. मग हे चालवायला बसले. सेक्टरचे रस्ते तेव्हा रुंद आणि मोकळे, झाडं कमरेएवढी. पहिल्याच वळणावर हे लहान पोरासारखे हसायला लागले.

"लोण्यावानी वळते वो!"

मी म्हटलं, घ्या.

आणि खरं सांगते, मजेचं त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पदर खोचून मी मैदानात गाडी शिकले ती लेकीसाठी, पण चटक मला लागली. "उतर आता" असं हे मला दहादा म्हणायचे. रोज सकाळी गाडी पुसायची मी, पाणीही मीच घालायची.

पौषात हे नाईटला असताना पहाटे लेकीची छाती भरली. शेजारणीला हाक मारून घराला कुलूप लावायला सांगितलं, पोरीला गोधडीत गुंडाळून पुढच्या सीटवर घेतलं. चोक ओढला, सेल्फ मारला. नुसती खरखर. चोक आणखी थोडा ओढला. पुन्हा मारला आणि लागली. रस्ताभर मी रडत होते आणि गाडी लोण्यासारखी वळत होती.

इंजेक्शननं पोरीचा श्वास मोकळा झाला, ओठ पुन्हा गुलाबी दिसले. मी तिच्या उशाशी बसले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

उजाडल्यावर खिडकीतून हे दिसले. शेजारणीकडून कळल्यावर तसेच सायकल मारत आले होते, अंगावर ड्युटीचेच कपडे. झाडाखाली आमची गाडी बघून थबकले. सायकल तशीच टाकली, जवळ गेले आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले.

मग आत आले. झोपलेल्या लेकीची गोधडी सारखी केली.

"कोमट हाये अजून," म्हणाले.

"थंड होती," मी म्हटलं. "मीच गरम केली."